चौदा इंजेक्शनं आणि माझ्या गोळ्या

३ नोव्हेंबर १९८७, डोंबिवली
बंड्याला कुत्रं चावलं. आंबिवली स्टेशनबाहेर, पोटरीला. मी वागळे इस्टेटच्या कंपनीतून येईपर्यंत आईने जखमेत हळद दाबून फडकं बांधून टाकलेलं! ओरडले दोघांवर. बंड्याला मोरीत बसवून साबणाने पाय घासला. "ताई, सालटं काढतेस का?" गप्प बस म्हटलं.

५ नोव्हें.
दवाखान्यात दुसरं इंजेक्शन. पोटात. रोज एक, अशी चौदा. कुत्रं सापडलं नाही. कोणी म्हणतं मारलं, कोणी म्हणतं पळालं. त्यात बं.चा दमा उठलाय, रात्रंदिवस सूं सूं.

९ नोव्हें.
बं.च्या दम्यावर कंपनीतल्या गोळ्या सुरू केल्या. तपासणीला येतात त्यातल्या उरलेल्या, दर थंडीत आणते त्याच. दोन दिवसांत उतार पडेल. आई खूश. "पोरगी औषधांच्या कंपनीत आहे, त्याचा असा उपयोग."

१७ नोव्हें.
चौदावं झालं. सुटलो बाबा. बं.ने आईकडून शिरा करून घेतला.

२० नोव्हें.
लायब्ररीतून विषाणूंचं पुस्तक आणलं, उगाच. रेबीजचा विषाणू रक्तात फारसा फिरत नाही म्हणे. मज्जातंतूत शिरतो आणि गुपचूप मेंदूकडे. शरीराला पत्ताच नाही! त्याच्या अंगावरचं एक प्रथिन शरीराला आधीच ओळखता यावं, त्यासाठी लस. तो वर पोचायच्या आत.
पुढच्या पानावर: लस चालू असताना स्टेरॉइड शक्यतो देऊ नये, प्रतिकार दबतो.
माझ्या गोळ्या स्टेरॉइडच्या. नऊ इंजेक्शनं त्यांच्याबरोबर गेली. मी दिल्या. मी, एम.एस्सी. बाई.

२१ नोव्हें.
कंपनीत तीच गोळी वजनकाट्यावर. दोनदा आकडा चुकले. अर्ध्या दिवसाने निघाले, दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. चिडलेसुद्धा नाहीत, त्याचीच भीती वाटली. "आणखी डोस देऊ. रक्त मुंबईला पाठवू. गोळ्या एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा."
"म्हणजे धोका नाही ना?"
"रिपोर्ट येऊ दे."

२४ नोव्हें.
बं.ला सांगितलंय की डोस राहिलेले. खोटं. तो पाणी प्यायला लागला की माझं काम थांबतं. "घोट काय मोजतेस गं?" आई म्हणते माझंच काहीतरी बिनसलंय. जेवण जात नाही.

२७ नोव्हें.
सांगून टाकलं. गॅलरीत. रडले. त्याने शिव्या द्यायला हव्या होत्या. म्हणाला, "गोळी कसली आहे, मी कधी विचारलं का? तू दिलीस, मी घेतली." मग, "आईला नको सांगूस."

२९ नोव्हें.
रिपोर्ट नाही अजून. बं. सकाळपासून पोटरी खाजवतोय. "जखम भरत आली की खाजते," आई म्हणाली. खरंय. पुस्तकात खाजेचं आणखी एक कारण दिलंय, रोग सुरू होण्याचं. मी पण म्हटलं, हो, भरत आली की खाजते.