पोर्टफोलिओ आणि उजवा कौल

२ मे १९५८
शेजारच्या वाडीतले हरिश्चंद्र मास्तर सुट्टीला गावी आले. मुंबईच्या एका चित्रशाळेत शिकवतात. आज गाठलं. म्हणाले, बारा चित्रं घेऊन वीस तारखेला ये, बघून सांगतो. बरी असली तर जूनमध्ये प्रवेशासाठी शब्द टाकीन. बारा म्हणजे काहीच नाही. मी चोवीस नेणार.

बाबांना सांगितलं. भुसारी दुकानदाराला कलेचं काय कळणार? म्हणाले, "काढ चित्रां. नाय तर काकाकडे परळाक जा. मिलमधी कापडां मोजूक माणूस व्हयो आसा." मुलाला असं कुणी बोलतं? या घरात माझं कुणीही नाही.

उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

३ मे, सकाळी साडेनऊ
उठवायचं काम मथुराकडे दिलं होतं. धाकट्या बहिणीकडून तेवढंही होत नाही. म्हणते, हाका मारल्या, तू उशी फेकून मारलीस. पुरावा काय?

मालवणच्या बाजारातला कागद हा कागदच नव्हे. पाण्याचा थेंब टाकला तर पलीकडे चौकशीला जातो. दुकानदाराला तसं स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, आजवर कुणाची तक्रार नाही. असणार कशी, सगळे यात सुपारी बांधून नेतात.

५ मे
आधी पोर्टफोलिओचं कव्हर. मास्तरांची नजर पहिली त्याच्यावरच पडणार. जाड पुठ्ठा, वर काळं कापड, पांढरी अक्षरं: गुरुदास, आर्टिस्ट. अक्षरांना सावली द्यायची आहे. घाई करून चालणार नाही.

९ मे
कव्हर चालू. सावली उलट्या बाजूला पडली. खरवडून पुन्हा. सहीचा सराव केला.

११ मे
स्टिल लाइफ. आईने आणलेले बांगडे, एक कांदा, तांब्या. पहिल्या बांगड्याचा डोळा आणि शेपटी काढली, रंग कालवायला परसात गेलो, येऊन बघतो तर बांगडे तव्यावर. आई म्हणते, "दुपारपर्यंत ठेवलंय. आता पोटाक काय कागद घालू?"

उपोषण जाहीर केलं. नंतर रागारागातच जेवलो. बांगडे बरे झाले होते, पण ते तिला सांगितलं नाही.

१३ मे
मानवाकृती. बंदरावर मासे विकणारी हिरा बसली होती, तिला काढायला घेतलं. म्हणाली, "घेवचे नसात तर बगतस कित्याक?" चित्र काढतोय म्हटल्यावर उठून कागदात डोकावली. "ह्यां माजा तोंड? ह्यां तर तुज्या बापाशीचा." सगळं बंदर हसलं. असल्या गावात मानवाकृती जमणं शक्य नाही. रद्द.

१५ मे
निसर्गचित्र. समुद्रासाठी प्रशियन ब्लू पाहिजे. बाबली कुडाळच्या बाजाराला जाणार होता, त्याला आणायला सांगितला. मूर्खाने कपड्यांना घालायची नीळ आणली. शाळेपासूनची मैत्री होती, आज संपली. मथुरा म्हणते, आपलो समुद्र निळो खंय आसा? तिच्याशीही बोलणं बंद. निळीनेच काढला. कागद कडक इस्त्री केल्यासारखा दिसतो.

१७ मे
नवा कट. बाबा म्हणाले, मास्तर काय तां सांगूदेत, आधी देवाचो कौल घेवया. म्हणजे माझं भवितव्य पाषाणाला चिकटवलेल्या पाकळ्यांवर. उजवी पडली तर जा, डावी पडली तर नाही. डावीच पडणार. पन्नास वर्षांनी लोक म्हणतील, केवढा कलावंत, एका पाकळीने घात केला.

या काळजीने चित्राला हातच लागेना. कौल मिळेपर्यंत काढण्यात अर्थ नाही. दुपारी छान झोप लागली.

१८ मे
देवळात गेलो. निषेध म्हणून बाहेर चपलांपाशी उभा राहिलो. आत शिवा गुरवाने देवापुढे बराच वेळ गाऱ्हाणं घातलं. मी कान दिला नाही. बाबा बाहेर आले. "उजवो कौल. जा मुंबैक."

दोनदा विचारून खात्री केली. उजवाच.

घरी आई आधी रडली, मग बेसन भाजायला बसली. सगळे माझ्याशी गोड बोलताहेत. मला घालवायची एवढी घाई? उद्या राहिलेली सगळी चित्रं काढणे. मोठ्या कलावंतांना एका दिवसात जमतं.

१९ मे, संध्याकाळी
आंबे उतरवायला माणसं आली होती. दिवसभर गोंगाट. सही मात्र फार देखणी साधली. कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या. चित्रं वर बसवता येतील.

२० मे
मास्तरांनी कव्हर बराच वेळ बघितलं. अक्षरं चांगली आहेत म्हणाले. मग उघडलं. बांगड्याचा डोळा आणि शेपटी. हिराचं तोंड. निळीचा समुद्र. पुढे सह्या. तरी त्यांनी एकेक कागद शेवटपर्यंत उलटला. मी अडचणी सांगितल्या: बांगडे, कागद, नीळ, कौल. सगळं ऐकून घेतलं आणि मुंबईची भाषा सोडून म्हणाले, "गुरुदास, तुका चित्रां काढूची नाय आसत. तुका चित्रकार म्हणान घेवचा आसा. मी शब्द टाकूचंय नाय."

इतका मत्सर मी कुठे पाहिला नाही.

येताना बांधावर बसलो. इथे कोण वाचणार आहे, म्हणून लिहितो. ते नाही म्हणाले तेव्हा मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. आता चित्रं काढायला नकोत. मग त्याची लाज वाटली. मग मास्तरांचा आणखीच राग आला.

२१ मे
दुकानात जाऊन बाबांना सांगितलं, मास्तर नाही म्हणाले, तेव्हा मुंबई रद्द. इथेच राहून साधना करीन. बाबा तूरडाळ पाखडत होते. मान वर न करता म्हणाले, "कौल मोडूक गावाचो नाय." मी म्हटलं, कौल चित्रशाळेचा होता, ती गेली.

"चित्रशाळेचा कोणी इचारल्यान? झिलाक काकाकडे मुंबैक धाडू काय, असा गाऱ्हाणा घातला. शिवा गुरवाक इचार. तू थंयच होतस."

होतो. चपलांपाशी.

मी म्हटलं, मग चित्रांचं का नाही विचारलं? बाबा म्हणाले, "तां तुज्या हातात होता. तेका देवाक कित्याक त्रास दिवचो?"

घरी येऊन ट्रंक भरायला घेतली.

२४ मे, बोटीवर
पावसाळ्याआधीची शेवटची बोट. बंदरावर सगळे आले होते. रुसलेला बाबलीसुद्धा आला आणि माझी ट्रंक बोटीपर्यंत नेणाऱ्या मचव्यात त्यानेच चढवली. आई म्हणाली, "रविवारी सुटी आसतली ना? तेव्हा काढ हां चित्रां." टोमणा नव्हता. तिला खरंच वाटतं की मी काढीन.

तिच्यावर चिडायचं ठरवलं. देवगड येईपर्यंत प्रयत्न केला. चिडण्यासारखं काही सापडलं नाही.