ओतून दिलेलं पाणी

अण्णा, आज दुपारी मी त्या गल्लीत जाऊन आले. एकटी, कुणाला न विचारता. दादाच्या मुलीचं लग्न आहे, जालना रोडवरच्या मोठ्या मंगल कार्यालयात. तुम्ही होतात तेव्हा तिथं ज्वारीची रानं होती. आता चिकलठाण्यापर्यंत इमारतीला इमारत लागलीय. हळद उरकली, बायका जरा आडव्या झाल्या. वहिनीला म्हटलं, पाय मोकळे करून येते, आणि सरळ रिक्षा केली. पैठण गेटला उतरले आणि चालायला लागले.

मे महिन्याचं ऊन, आणि तरी गुलमंडीत पाय ठेवायला जागा नाही. लग्नसराईच्या साड्या दुकानांच्या दारात टांगलेल्या, हातगाड्यांवर खरबुजांचे ढीग, मधूनच एखादी स्कूटर माणसांच्या अंगावरूनच जावी तशी जाते. नागपूरला इतकी वर्षं काढली, पण 'ओ बाजी, जरा बाजू' हे कानावर पडलं आणि मी आपोआप डावीकडे सरकले. सिटी चौकात मात्र थांबले. तिथून पुढं जायची मला मनाई होती. तुमची.

त्या साली मी अकरावीत आहे. दोन पावसाळे कोरडे गेलेत. तुम्ही पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून, साऱ्या धरणांच्या फायली तुमच्या टेबलावर, आणि औरंगपुऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांत हंडे पालथे. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीच्या अंगणात विहीर आहे. तिची अम्मी मला स्वतःहून म्हणते, घेऊन जात जा बेटा, पाणी काय आमच्या बापाचं आहे? मी सायकलच्या कॅरियरला कॅन बांधून पाणी आणते. आईला ठाऊक आहे, ती कॅन रिकामा करून धुऊन ठेवते. मग एका संध्याकाळी तुम्हाला कळतं. तुम्ही ओरडत नाही. हंडा उचलता, मोरीशी जाता आणि पालथा करता. मग दुसरा. मग प्यायचा माठसुद्धा. "त्या घरचं पाणी या घरात नको," एवढंच म्हणता, आणि हात पुसून वर्तमानपत्र घेऊन बसता. मोरीतून ते पाणी जाताना मी पाहत उभी आहे. आईही.

दुसऱ्या दिवसापासून माझी सायकल बंद झाली. कॉलेजला दादा सोडायला येऊ लागला. वर्गात मैत्रिणीनं विचारलं, तेव्हा मी मान खाली घातली, आणि ती पुन्हा विचारायला आली नाही.

तर आज मी सिटी चौकातून पुढं गेले. गल्ली सापडायला वेळ लागला. घरांवर मजले चढलेत, कोपऱ्यावर मोबाइलची दुकानं झालीत. एका अत्तरवाल्याला विचारलं, त्यानं बोटानं दार दाखवलं. मैत्रीण लग्न होऊन हैदराबादला गेली, अम्मीला वारून तर कैक वर्षं झाली. दार उघडलं ते मैत्रिणीच्या भाभीनं. मी कोण ते सांगितलं, तर म्हणाली, सायकलवाली ना? या घरात माझी आठवण निघत होती, अण्णा. आपल्या घरात त्या घराचं नाव काढायची सोय नव्हती.

विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. मी म्हटलं, विहिरीचं पाणी पाजा. भाभी हसली. "कुएँ का पानी अब कौन पीता आपा? कपडे-बर्तनां को है." नळाला पाणी अजून रोज येत नाही, टँकर येतो, हे तिनं सहज सांगितलं. शहर एवढं वाढलं आणि हंडे तसेच पालथे. मग तिनं विचारलं, तुम्ही एकदम यायच्या बंद का झालात? मी लपवलं नाही. वडिलांनी पाणी ओतून दिलं, म्हटलं.

तिनं पदर सावरला. मला वाटलं, आता उठेल. पण ती म्हणाली, "फिर उस दिन घर में पिये क्या?"

आपल्या घरात हे कुणीच विचारलं नव्हतं. तुम्हीही नाही. शेजारच्या काकूंकडून आईनं तांब्याभर पाणी मागून आणलं होतं. ते तुम्हाला दिलं. आम्हा दोघींना काय मिळालं, ते तुम्ही पाहिलं नाही.

मी तिथं जेवले. काय जेवले तेही सांगते: नान आणि मटणाचा खलिया, त्यांच्याच ताटात, अंगणात बसून. पाणीही प्याले, दोनदा मागून. उद्या वऱ्हाड निघून गेलं की दादालाही सांगणार आहे. तुम्ही मोठे होतात, कष्ट केलेत, आम्हाला शिकवलंत, सगळं मान्य. पण ती संध्याकाळ मला मान्य नाही. तेव्हा नव्हती, आज नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून ती धुऊन निघत नाही.

दिवेलागणीला कार्यालयात परतले. तुमच्याशी भांडायची सगळी वाक्यं रिक्षातच जुळवली होती. आत सनई वाजत होती, जो तो आपल्या गडबडीत. कुठं होतीस, असं कुणीच विचारलं नाही. मी दारात उगाच जरा वेळ थांबले. खरं सांगायचं, तर कुणीतरी विचारावं असं वाटत होतं. आणि ते कुणीतरी तुम्हीच असावं, असंही.