शेळीवर आळ

कोल्हापूर, ता. १२ ऑगस्ट १९५३

चि. माधव यास अक्काचे अ. उ. आ.

तू मुंबईत जनावरांच्या लशी करतोस, मग तुला नाही विचारायचं तर कुणाला? आपली सरोज दिवस गेल्यावर माहेरी आली. पाचव्या महिन्यात पोट पडलं आणि ताप लागला. उतरतो, चार दिवसांनी पुन्हा चढतो. आजऱ्याहून विहीणबाई लिहितात, मुलीतच काही खोट असेल, सध्या पाठवू नका. माझी लेक टाकून देतात की काय, या धास्तीनं जेवण जात नाही.

परवा डॉक्टरांनी रक्त तपासलं. शेळीच्या तापाचे जंतू म्हणे! आपल्या दारात शेळी नाही, विहीणबाईंच्या परड्यात तीन! मी त्यांना सणसणीत पत्र टाकलं, की खोट मुलीत नाही, तुमच्या शेळ्यांत आहे. बरं केलं की नाही?

सरोजला ताकद यावी म्हणून सयाजी गवळी दारात म्हैस पिळतो, ते धारोष्ण दूध आल्या दिवसापासून पेलाभर पाजते आहे. तरी ताप का जाईना?

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
अक्का

मुंबई, ता. १८ ऑगस्ट १९५३

ती. सौ. अक्कास माधवचा सा. न. वि. वि.

अगं, पत्र टाकण्याआधी मला तरी विचारायचंस! शेळीकडचे आणि गाईम्हशींकडचे हे जंतू सख्खे चुलत भाऊ. दोघांच्या अंगावर एकाच शिंप्याचा कोट. रक्त तो कोट ओळखतं, आतला कोण ते त्याला कळत नाही. तुमच्याकडच्या तपासणीच्या बाटलीत शेळीकडचे जंतू होते, म्हणून कागदावर शेळी आली. म्हशीकडचे असते तर म्हैस आली असती.

याच सारखेपणामुळे गाईकडच्या जंतूची लस शेळ्यांनाही वाचवते का, ते आम्ही इथे पाहतो आहोत. माणसांना मात्र ती चालत नाही. सरोजला औषधच हवं, डॉक्टरांना वेगळं लिहिलं आहे. सयाजीच्या म्हशीचं रक्त तपासून घे. आणि अक्का, हे जंतू दुधातून अंगात शिरतात, गर्भही पाडतात, तेव्हा कच्चं दूध आजपासून बंद. उकळल्याशिवाय थेंबही नको.

भाचीला आशीर्वाद, माझा राग आला तरी माया राहू दे.
माधव

कोल्हापूर, ता. ९ सप्टेंबर १९५३

चि. माधव यास अ. उ. आ.

तुझं पत्र चारदा वाचलं. कोट कळला, पण म्हैस दोषी हे काही मनाला पटेना. सयाजी तर भांडायलाच उठला. म्हस दोनदा गाभडली हाय, रेडकं अर्ध्यातच पडली, पर दुधाला काय धाड भरलीया, म्हणाला. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त नेलं. दुखणं म्हशीतच निघालं रे.

औषधानं सरोजचा ताप आठ दिवस नाही. विहीणबाईंना लिहायला बसले, तीन कागद फाडले. चौथ्यावर सरळ लिहिलं, की खोट तुमच्या शेळ्यांत नाही, माझ्या लेकीतही नाही, मी दिलेल्या पेल्यात होती. त्यांचं अजून उत्तर नाही. जावई मात्र काल स्वतः आले, सरोजला रविवारी नेणार आहेत.

विहीणबाईंचं ते पत्र पेटीत टाकण्याआधी सरोजला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आई, त्या दुधाच्या वासानं मला मळमळायचं, पण तू एवढ्या मायेनं आणायचीस, म्हणून नाक दाबून प्यायचे.

माधव, हे मी कुणाला सांगू, म्हणून तुला लिहिते.

तुझी
अक्का