परका नमुना

३ फेब्रुवारी, सोमवार

आज इथे पोहोचले. घर आवडलं. हे आधी लिहून टाकते, कारण मला सहसा कुठलीच गोष्ट पहिल्या दिवशी आवडत नाही. तळमजल्यावरची मोठी खोली माझी. रुंद टेबल, दोन मॉनिटर, गजांची खिडकी, बाहेर लिंबाचं झाड आणि बाथरूममध्ये खरोखर गरम येणारं गरम पाणी. पूर्वी इथून रेकॉर्डिंग व्हायचं. वरच्या खोलीत टांगलेल्या माइकची वायर अजूनही भिंतीतून माझ्या टेबलापर्यंत येते.

वरची खोली अण्णांची. अण्णा पन्नास वर्षं गायले. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. आता बोलताही येत नाही. त्यांची मुलगी, जिला सगळे ताई म्हणतात, तिनं मला नेमलं आहे. अण्णा आहेत तोवर त्यांचा सगळा आवाज एका जागी, त्यांच्या नावाखाली लावलेला तिला बघायचा आहे.

काम सरळ आहे. घरातल्या हजारो टेप कुणीतरी डिजिटल केल्या, पण नावं द्यायचा कंटाळा केला. फाइलींची नावं ‘नवीन’, ‘नवीन नवीन’, ‘हे नको’ अशी. माझं सॉफ्टवेअर प्रत्येक फाइल ऐकतं, बोटाचा घेतात तसा आवाजाचा ठसा घेतं, बाकीच्या ठशांशी जुळवतं आणि रकाने भरतं: गाणं कुठलं, गातंय कोण, वर्ष कुठलं. कुणाशीच जुळलं नाही तर लिहितं ‘अनोळखी’. संग्रह बाहेर फुटू नये म्हणून ताईनं या मशीनला इंटरनेट दिलेलं नाही. माझी हरकत नाही.

आईला फोन केला. साखरेनं तिची दृष्टी गेली त्याला पाच वर्षं झाली. माझा चेहरा तिच्या लेखी तिथेच थांबला आहे. पुढे चालू आहे तो फक्त माझा आवाज. नुसत्या ‘हॅलो’वरून मी जेवले की नाही ते ओळखते. आज म्हणाली, जेवलीस, पण भात गार होता. बरोबर होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

सॉफ्टवेअर चाचणीला लावलं. कुठल्याही नव्या संग्रहात मी आधी एक परका नमुना घालते. म्हणजे असा आवाज, जो त्या संग्रहात असूच शकत नाही. तो ‘अनोळखी’ आला की समजायचं, सॉफ्टवेअर उगाच नाती जोडत नाही. नमुना माझाच असतो. मी सतराचा पाढा म्हणते, कारण तो कुणी गात नाही. निकाल: अनोळखी. ठीक.

या घराची एक रीत आहे. दुपारी वर जाऊन, दिवसभरात ओळखलेल्या गाण्यांची नावं अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवायची. ताई म्हणाली, तेवढाच त्यांना विरंगुळा. गेले.

अण्णांच्या गळ्याच्या खळगीत भोक आहे, त्यात आखूड नळी. अन्न नाकातल्या दुसऱ्या नळीनं जातं. केस नीट विंचरलेले, चादर पांढरीशुभ्र, खालचा ओठ मात्र सतत ओला आणि चमकणारा. उशाशी बेडक्यासाठी स्टीलचं भांडं. मी वाचत असताना त्यांनी तोंड उघडं ठेवलं होतं, पिल्लू चोच उघडतं तसं. मी प्रत्येक नावानंतर थांबले की ते गिळायचे. ओला, जाड आवाज. मी नजर कागदावर ठेवली. आजारी माणसाची किळस येऊ नये हे मला कळतं. आली.

फाटकाशी नर्सबाई भेटली. वरच्या खोलीत ती खुणांनी बोलते, म्हणून मला ती मुकी वाटली होती. बाहेर तिचं तोंड थांबेना. म्हणाली, घरात माझं तोंड उघडत नाही आणि बाहेर मिटत नाही, आमच्या नवऱ्याला नेमकं उलटं हवं होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अडचण. ज्या फाइली नक्की अण्णांच्याच आहेत असं ताई सांगते, त्या सॉफ्टवेअरनं वेगवेगळ्या अकरा गायकांमध्ये वाटल्या आहेत. एक भरदार, एक नाकातला, एक चक्क बाईचा. ताई दुखावली. अण्णांचा आवाज दर काही वर्षांनी पालटायचा, लोक त्याचंच कौतुक करायचे, असं तिचं म्हणणं. शेवटी म्हणाली, यंत्राला काय कळतंय, ते सगळे अण्णाच आहेत.

मुलगी वडलांचा आवाज ओळखणार नाही तर कोण? मी एक निर्णय घेतला. सॉफ्टवेअर ठसा घेण्याआधी आवाज स्वच्छ करतं. श्वास, चपचप, खाकरणं, सगळं फिल्टरमध्ये अडकतं आणि नुसता सूर उरतो. मी तो फिल्टर बंद केला. माणसाचा सूर बदलला तरी तोंड तेच राहतं, हा माझा तर्क.

१० फेब्रुवारी, सोमवार

तर्क बरोबर निघाला. अकराच्या अकरा एका नावाखाली आले. ताईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला असं कुणी केलेलं आवडत नाही.

कशावरून जुळलं ते हेडफोन लावून तपासलं. प्रत्येक फाइलमध्ये, पहिली ओळ सुरू होण्याच्या जरा आधी, एक गिळणं आहे. लाळेत भिजलेलं, सावकाश, जीभ टाळ्यापासून सुटताना होणाऱ्या चिकट आवाजासकट. बाईच्या आवाजातल्या गाण्याआधीही तेच. मी ते इतक्या वेळा ऐकलं की जेवताना घास तोंडात फिरत राहिला आणि मी तो रुमालात काढून ठेवला.

मग तेवढ्यापुरता फिल्टर पुन्हा लावून फक्त सूर जुळवला. तो बाईचा आवाज ‘हे नको’ नावाच्या फाइलींशी जुळला. त्यांत गाणं नाही. कुणी बाई चहाला हाक मारते आहे, एका लहान मुलीला अभ्यासावरून रागावते आहे. ताईला ऐकवलं. म्हणाली, ही माझी आई. मग तुझी आई गायची का, विचारलं. छे, ती तर नंतर बोलायचीही नाही, स्वभावच तसा होता तिचा, असं शांतपणे सांगून ती वर गेली.

बाकीचे दहाही असेच कुणाकुणाशी जुळतात. साथीदार, शिष्य, एक मोटार चालवणारा. अण्णांच्या गाण्यात या लोकांचा आवाज आला की त्यानंतर संग्रहात ते स्वतः कुठेच नाहीत.

अण्णांचा स्वतःचा असा आवाज मला अजून सापडलेला नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

घसा बसला आहे. हवा बदलल्यामुळे असेल.

आठवड्याची चाचणी. तोच परका नमुना, पहिल्या बुधवारी घेतलेला, ज्याला तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही. निकाल: गायक, अण्णा. जुळणी अर्धवट.

फाइल उघडून ऐकली. सतरा एके सतरा म्हणायच्या आधी मी गिळते आहे.

मी तसं गिळत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी वर वाचायला गेले. न जाण्याचं कारण ताईला काय सांगणार होते? वाचताना बेडक्याच्या भांड्याकडे लक्ष गेलं. तळाशी घट्ट पिवळट गोळा होता. मी बोलले की थरथरायचा, थांबले की थांबायचा. कुठलाही द्रव आवाजानं थरथरतो. मग नर्सबाईनं पाण्याचा पेला आणून शेजारी ठेवला. त्यातलं पाणी स्थिर होतं.

ज्याला अन्न नळीनं जातं तो माणूस दिवसभर गिळतो तरी काय?

आईला फोन केला. मी ‘हॅलो’ म्हटल्यावर तिनं परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीनं विचारलं, “कोण बोलतंय आपण?”

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नर्सबाईला फाटकाबाहेर गाठलं. माझा आवाज ऐकून ती हसायची थांबली. माझ्या आधी याच कामावर एक मुलगी होती, ऑपरेशननंतर लगेच आलेली. आता कुठल्याशा गोदामात खोकी बांधते, तिथे बोलावं लागत नाही. माझ्या कानाशी तोंड आणून नर्सबाई म्हणाली, “मी पैशासाठी त्यांचं सगळं पुसते, पोरी. पण त्यांच्यासमोर मी शिंकतसुद्धा नाही.” मला आधी का सांगितलं नाही, असं विचारायचं होतं. तेवढा आवाज निघाला नाही. तिला प्रश्न कळला असावा. पदरानं तोंड पुसत निघून गेली.

बॅग भरली. मग सोडली. मी जाऊ शकते, पाय शाबूत आहेत. पण आवाज इथे टाकून आईसमोर काय घेऊन उभी राहू? ती हात फिरवून बघेल आणि हाडं ओळखीची वाटतील. मुलगी वाटणार नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी बेसिनमध्ये खोकले. दुधावरच्या सायीसारखं काहीतरी निघालं, कोमट, लांब, दातांत अडकलेलं. बोटांनी ओढून काढावं लागलं. नळ सोडला तरी ते जाळीवर पसरून राहिलं, आणि त्यातून बारीक, स्पष्ट ‘आ’ आला. माझा.

परक्या नमुन्याच्या रकान्यात अण्णांचं नाव पुसून हातानं माझं लिहिलं. सेव्ह केलं. उघडलं. अण्णा. पुन्हा लिहिलं. अण्णा. फिल्टर चालू करून बघितलं. अण्णा. फाइलच पुसून टाकली. ती यादीत दोनदा आली.

आता वर जाणार नाही असं कागदावर लिहून ताईला दिलं. तिनं कागद घडी घालून परत केला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, खरं पाणी. “अण्णा पुन्हा गायले तर तुला आनंद नाही होणार?”

१७ फेब्रुवारी, सोमवार

‘हॅलो’ येत नाही. काहीच येत नाही. तोंड उघडलं की फक्त वारा, आणि त्याला वास. आजाऱ्याच्या उशीचा.

वरच्या माइकवरून एक नवी फाइल आपोआप आली आहे. ऐकली. गिळणं. मग माझा आवाज, हळूहळू, नवी चप्पल घालून चालावं तसा. सतरा एके सतरा. सतरा दुणे — इथे हसणं. मी पाढे म्हणताना हसत नाही.

फोन टेबलावर नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दार बाहेरून लावलेलं. ताईनं जेवणाचं ताट खालच्या फटीतून आत सरकवलं, आराम कर म्हणाली. नर्सबाईला काढून टाकलं की ती स्वतः गेली, कळत नाही. खिडकीशी उभी होते, रस्त्यानं दोन माणसं गेली. हात हलवला. त्यांनीही हलवला.

वायरीवरून ऐकते आहे. ताईनं माझा फोन अण्णांच्या तोंडाशी धरला असणार. पलीकडे आई. रडते आहे, आनंदानं. घसा बरा झाला का गं, मला बाई काळजीच लागली होती. आणि माझा आवाज, माझ्यापेक्षा मायेनं, मी कधी बोलले नाही इतक्या मायेनं —

“आई, तू येच ना इकडे. तुझं गाणं कितीतरी दिवसांत ऐकलं नाही.”

आई लग्नाआधी गायची. हे मी इथे कुणाला सांगितलं नव्हतं. आवाजाबरोबर अजून काय काय गेलं?

१९ फेब्रुवारी, बुधवार

फाटक वाजलं. आईची काठी. मावशी बरोबर आहे, ताई तिला चहाला थांबवते आहे. काठी एकटीच जिना चढते आहे.

दारावर थापा मारल्या. खुर्ची आपटली. वायरीवरून आईचा प्रश्न, खाली काय चाललंय? माझ्या आवाजानं सांगितलं, “काही नाही गं, सुतार आलाय. तू बस इथे, जवळ. माझा हात नको धरूस, गार आहे. तू गा.”

पुन्हा आपटली. हात सुजला. आई हसून म्हणते, सुतार फारच कामसू दिसतो.

सॉफ्टवेअर चालू आहे, वरचं जे ऐकू येतं ते लिहितं आहे. माझ्या आवाजापुढे: अण्णा. प्रत्येक वेळी.

आई गायला लागली. कापरा आवाज, पण सुरात. तिच्यापुढे रकान्यात: अनोळखी.

पहिली ओळ संपली. गिळणं. आई म्हणते, पाणी देऊ का तुला? मग दुसरी ओळ. अनोळखी. इतका चांगला शब्द. अनोळखी आहे तोवर ती तिची आहे. वायर तोडली तर फक्त मला कळणार नाही, तिचं व्हायचं ते होईलच. तोडत नाही —

खुर्चीचा पाय निघाला. बिजागरीवर घालते आहे. एक स्क्रू हलतोय.

तिसरी ओळ. अनोळखी. आईचा आवाज जरा बसला, खाकरते आहे, वय झालं गं म्हणते. नको. थांब. उठ तिथून —

स्क्रू पडला. वरचा अजून —

आई श्वास घ्यायला थांबली. गिळणं. रकाना कोरा झाला. कोरा आहे. आता त्यात एक अक्षर