पुरेओराच्या ओढ्यावर ओवीने विचारलं ते

रोटोटुना, हॅमिल्टन, न्यूझीलंड
१२ जानेवारी २०२६

तीर्थरूप आईंना,
सुयशचा नमस्कार.

तुम्ही पुण्याला नीट पोचलात हे कळलं. विमानात बसून गुडघा धरला असेल, शेकत राहा. इथे सगळं ठीक आहे. ओवीची शाळा फेब्रुवारीत सुरू होईल. तुम्ही करून ठेवलेलं मेतकूट निम्मं संपलं. मागच्या अंगणातले टोमॅटो पिकायला लागलेत.

फोन करायचा सोडून मी कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवतोय, याचं नवल वाटेल. फोनवर माझा आवाज चढला असता, आणि ओवीला मराठी सगळं समजतं. वाचता मात्र येत नाही. म्हणून लिहितोय.

विनिता मावशींचा फोन आला होता. "सुयश, तू म्हणे सहा वर्षांच्या पोरीला बर्फासारख्या पाण्यात उभं करतोस. तिला पुण्याला पाठव, ताई सांभाळेल." हे 'म्हणे' कुठून आलं ते मला कळतं. आई, तुम्ही अडीच महिने इथे होतात. एकदा तरी आमच्याबरोबर ओढ्यावर आलात का? मी बोलावलं तेव्हा तुम्ही गाडीतसुद्धा बसला नाहीत. मग नातेवाइकांना सांगायचा हक्क कुठून मिळाला? ओवी कधीही गुडघ्याच्या वर पाण्यात जात नाही. अंगात लाइफ जॅकेट असतं, आणि माझा एक हात कायम त्या जॅकेटच्या पट्ट्यात असतो. ओढा आपल्या हॉलएवढाच रुंद आहे, तळाचा खडा न् खडा दिसतो.

पण हे पत्र त्यासाठी नाही. ते मी गिळलं असतं. पोरीला पुण्याला पाठवायचंही मी ऐकून घेतलं असतं आणि नाही म्हटलं असतं. विषय तिथेच संपला असता.

परवा शनिवारी आम्ही पुरेओराच्या डोंगरात गेलो. तुम्ही परत गेल्यानंतर पहिल्यांदाच. एरवी ओवी गाडीतून उतरल्या उतरल्या पळत सुटते. काठाखालच्या सावलीत उभा असलेला ट्राउट मासा माझ्याआधी तिला दिसतो. मग दोघं वाकून, हळूहळू जातो. रॉड दोघांच्या हातात असतो. दोरीच्या टोकाला पिसं गुंडाळून माशीसारखा केलेला गळ असतो, तो पाण्यावर टाकतो. मासा लागला तर त्याला धरण्याआधी मी हात ओले केलेत की नाही, हे बघायचं काम तिचं. कोरड्या हातांनी माशाच्या अंगाला इजा होते. गळ काढायचा, मासा पाण्यातच धरायचा, सोडून द्यायचा. "बाय फिश," म्हणायचं कामही तिचंच.

परवा ती पाण्याजवळ आलीच नाही. हात पाठीमागे बांधून काठावर उभी राहिली. मला वाटलं, पाणी गार लागेल म्हणून येत नसेल. मी एकट्यानेच दोरी टाकली. मासा लागला आणि ती किंचाळली, "लेट इट गो, बाबा. लेट इट गो नाऊ." मी दोरी सैल सोडली, मासा गेला. वळून बघतो तर ही काठापासून दूर मागे सरकली होती.

"काय झालं, पिल्लू?"

"बाबा, डिड मम्मी डाय बिकॉज ऑफ द फिश?"

मी विचारलं, असं कोण म्हणालं. ती म्हणाली, "आजी. शी सेड बाबाला पाप लागतं." ते एक वाक्य तिने मराठीतून म्हटलं. तुमच्याच सुरात. आणि मग म्हणाली, "आर यू नेक्स्ट?"

आई, मी हे लिहिताना दोनदा उठून फेऱ्या मारून आलो.

आईवेगळ्या पोरीला तुम्ही हे सांगितलंत. मला सांगितलं असतंत तर मी ऐकलं असतं. तुम्ही माझ्याच स्वयंपाकघरात बसून, तिला वरणभात भरवताना, तिची आई का गेली याचं कारण तिच्या हातात दिलंत. आणि ते कारण म्हणजे तिचा बाप. कसं जमलं तुम्हाला?

तुम्हाला कारण हवं होतं, हे मला समजतं. मलाही हवं होतं. मी डॉक्टरांना किती वेळा विचारलं. ते म्हणाले, अशा कॅन्सरला प्रत्येक वेळी कारण सापडत नाही. मी ते तसंच उराशी धरून दहा महिने जगतोय. मी ते कुणाच्या डोक्यावर टाकलेलं नाही.

आता जे मी सांगणार नव्हतो ते सांगतो. इशिताने, तुमच्याच मुलीने, मला बोलू नकोस म्हटलं होतं. आईला सहन होणार नाही, म्हणाली होती. पण आता मला तुमच्या सहनशक्तीची काळजी करता येत नाही.

मासेमारी माझी नाही, आई. ती इशिताची. रॉड तिचा, गळांची डबी तिची. तिच्या लॅबमधल्या अरोहाने तिला शिकवलं आणि तिने मला. मी पहिली दोन वर्षं काठावर बसून पुस्तक वाचायचो. ओवी पोटात असताना सातव्या महिन्यात ती त्याच ओढ्यात उभी होती. आजारपणात हातात ताकद उरली नव्हती, तेव्हा व्हरांड्यात बसून दोरी टाकायला तिने ओवीला शिकवलं. आणि हो, एकदा अरोहाने चुलीवर भाजलेला मासा तिने लिंबू पिळून खाल्ला होता. तिला आवडला होता.

हे सगळं मी ओवीला तिथेच काठावर बसून सांगितलं. मासा खाल्ल्याचंही. तिचा विश्वास बसेना. "आजी डझन्ट लाय," म्हणाली. ओढ्यावर रेंज नसते. आम्ही गाडी काढून डोंगराच्या माथ्यावर गेलो आणि अरोहाला फोन लावला. अरोहा तिच्याशी बराच वेळ बोलली, शेवटी रडायला लागली. ओवीने सगळं ऐकून घेतलं आणि मला फोन परत दिला. म्हणाली, "आय विल आस्क आजी."

काल सकाळी जाग आली तेव्हा ती माझ्या छातीवर हात ठेवून उभी होती. श्वास चालू आहे का बघत होती. आज सकाळीही.

रविवारी तुमच्या सकाळी व्हिडिओ कॉल करा. ती इंग्रजीत विचारेल, तुम्ही मराठीतच उत्तर द्या. तुम्ही चुकलात, मासे आणि मम्मी यांचा काही संबंध नाही, बाबाला काही होणार नाही, हे तिच्या डोळ्यात बघून सांगा. गोलगोल बोलू नका, पोरीला ते लगेच कळतं. वर्षश्राद्धाला आम्ही मार्चमध्ये पुण्याला यायचं की नाही, ते त्या कॉलनंतर ठरेल. तोवर मला तुमच्याशी बोलायचं नाही.

तुमच्या मुलीचा नवरा,
सुयश


रोटोटुना
१९ जानेवारी २०२६

आई,

काल मी मुद्दाम खोलीबाहेर थांबलो होतो, पण दार उघडं होतं. तुम्ही आधी म्हणालात, "मी असं म्हटलंच नव्हतं गं." ओवी म्हणाली, "यू डिड, आजी." मी आत येणारच होतो. तेवढ्यात तुमचा आवाज आला. "म्हटलं होतं. आजी चुकली. आजीला फार रडू येत होतं म्हणून ती काहीतरी बोलली."

त्याबद्दल मी आभार मानणार नाही. ते तुम्ही करायलाच हवं होतं. माझा राग गेलेला नाही, आणि मार्चमध्ये समोरासमोर बसल्यावर तो दिसेल, हे आधीच सांगून ठेवतो. आम्ही येतोय. तिकिटं काढली.

आज सकाळी ओवी माझ्या खोलीत आली नाही. मी उठून बघितलं तर सोफ्यावर कार्टून बघत बसली होती. ओढ्यावर जायचं का विचारलं तर "मेबी," म्हणाली. मी पुन्हा विचारणार नाही. तीच सांगेल.

कॉल बंद करताना तुम्ही हळूच विचारलंत, पाण्यातला इशिताचा एखादा फोटो आहे का. अरोहाकडे होता. छापून पोस्टाने पाठवतोय. कमरेइतक्या पाण्यात उभी आहे, केस ओले, दोन्ही हातांत मासा, आणि तोंड उघडं टाकून हसतेय. असं हसताना तुम्ही तिला पाहिलं नसेल. तुम्हाला तो कुणाला दाखवावासा वाटला नाही तर दाखवू नका. पण कापून मासा काढून टाकू नका. आहे तसाच ठेवा.

ओवीचा बाबा,
सुयश