आईसमोर दिलेली साक्ष

रविवार संध्याकाळ, भाईंदर पूर्व

दोन वर्षं विनवल्यावर आई आज पहिल्यांदा माझ्यासोबत चर्चला आली. मी साक्ष दिली. प्रभूने मला कशातून बाहेर काढलं ते सांगताना बाबांची दारू, आईला केलेली मारहाण, सगळं माईकवर सांगितलं. परदेशी पाहुण्यांसाठी पास्टर प्रत्येक वाक्य इंग्रजीत सांगत होते. म्हणजे तिची मारहाण दोनदा. साक्ष चार वेळा नीट लिहून काढली, पण तिला एकदाही विचारलं नाही. का नाही विचारलं?

रिक्षात आई म्हणाली, "तुझ्या देवाला हे ठाऊक नव्हतं का रे? मग माईकवर कशाला?"

दोनदा ऐकावं लागलं तिला.

आत्ता पास्टरांचा मेसेज आला. पाहुणे रडले म्हणे. पुढच्या रविवारी मीरा रोडला हीच साक्ष दे, आईलाही घेऊन ये.