कडेची ज्वारी

कळंब, १० जुलै १९६५

श्री. उत्तरेश्वरराव व्याही यांसी बब्रुवानचा सा. न. वि. वि.

विमलला आखाडासाठी न्यायला मंगळवारी सकाळी आलो, तेव्हा तुमच्या अंगणातलं जमिनीखालचं ज्वारीचं पेव उघडलं होतं. येरमाळ्याच्या देवीचं दर्शन घेऊन आलो होतो, तसाच पेवाच्या काठावर उभा राहिलो. मधली पांढरी ज्वारी पुरुषांच्या भाकरीला निघाली. कडेची ओली, गुलाबी-काळी, कुबट ज्वारी बायकांना आणि कालवडींना. चार वर्षं लेक काय खाते हे मी कधी विचारलं नाही, याची लाज वाटली.

इथले गुरांचे डॉक्टर हणमंतप्पा यांना मूठभर दाखवली. त्यांनी सांगितलं, मादीच्या अंगात गर्भाशयाला हुकूम देणारं एक द्रव्य असतं. अशा बुरशीतलं काही विष त्याचंच सोंग घेतं. पेशी फसतात, खोटा हुकूम पाळतात. परदेशी डुकरिणींत हे पाहिलंय. माणसांबद्दल छातीठोक सांगता येत नाही, पण असलं धान्य त्यांनी स्वतःच्या बायकोला घातलं नसतं.

कालवडी गाभ धरेनात, तेव्हा तुम्ही दोनदा वळू बदललात. सुनेला मूल होईना, तर सूनच बदलायची म्हणता! तुमचा न्याय जनावरांना बरा.

सगळ्यांची भाकरी एका ढिगातली करा, विमलला पोचवतो.

विहिणबाईंना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू द्यावा.
बब्रुवान

येरमाळा, १८ जुलै १९६५

बब्रुवानराव यांना उत्तरेश्वरचा राम राम.

पत्र वाचून लई हसलो. ढोरांच्या डाक्टरला सून दाखवता व्हय? तीन पिढ्या आमच्या बायका कडेचंच खातात आन् घरभर लेकरं झाली. बाईमाणसाचं पोट दगड पचवतं. गड्यांनी बायकांचं धान्य खायचं, ही तुमच्याकडली रीत असंल, आमची न्हाय.

ढोकीची पोरगी पाहिलीय. पोराची ना न्हाय. दसऱ्याआधी विमलला धाडा, न्हायतर ठेवून घ्या.

लेकीच्या बापानं नरमाईनं लिहावं. माया असू द्या.
उत्तरेश्वर

कळंब, ४ ऑक्टोबर १९६५

श्री. उत्तरेश्वरराव यांसी नमस्कार.

तीन पिढ्या पेवात पाणी शिरत नव्हतं. विमल आली त्याच वर्षी तुम्ही शेजारून पाण्याचा चर खणलात, तेव्हापासून कड काळी पडते. हे विमलनं सांगितलं. तिनं तुम्हालाही सांगितलं होतं म्हणे. बाईनं पेवातलं बोलू नये, असं उत्तर मिळालं.

इथं आल्यापासून तीन महिन्यांत तिची दर महिन्याच्या दुखण्याची तक्रार थांबली. चेहऱ्यावर रंग आला. ज्वारीमुळंच, असं मी म्हणत नाही. कदाचित तुमचं तोंड दिसत नाही म्हणूनही असेल.

ढोकीला जावं की नाही, यावर दोन दिवस देवापुढं बसून विचार केला. दुसऱ्याची सोयरीक मोडणं पाप, असंच लहानपणापासून ऐकलेलं. शेवटी विमलला विचारलं. ती म्हणाली, बापू, तिथं गप्प बसून काय होतं ते मी चार वर्षं पाहिलंय.

काल एसटीनं ढोकीला गेलो. मुलीच्या वडिलांना तुम्ही सांगितलं होतं की पहिली सून वारली. मी म्हटलं, मी तिचा बाप, तिच्याच हातची भाकर खाऊन आलोय. मग पेवाचंही सांगितलं. त्यांनी माझ्यासमोरच मुलीला बोलावून लग्न मोडल्याचं सांगितलं.

विमल इथंच राहील. तुमच्या लोभाची गरज उरली नाही.
बब्रुवान